भाड्याचे घर आणि गाडीची जागा

गेल्या वैशाखात, भर दुपारी, एक बाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. त्या आमच्या रात्रीच्या वर्गात येतात. वय पन्नाशीच्या पुढे. गाव साक्री तालुक्यात. मुलांच्या शिक्षणासाठी धुळ्याला आल्या आणि देवपूर भागात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिल्या. थोरला मुलगा आता एका औषधाच्या दुकानात काम करतो. त्याने जुनी मोटारसायकल घेतली आहे. आमच्या लहानपणी हिला फटफटी म्हणत.

बाईंनी पाणी प्यायले आणि म्हणाल्या, "गुरुजी, पोऱ्यानी गाडीले साखळी बांधी दिन्ही. आते काय करानं?"

हकीकत अशी. घर घेतले तेव्हा अंगणात गाडी ठेवण्याबद्दल कोणी काही बोलले नाही. आठ महिने गाडी अंगणात उभी राहिली. मग घरमालकाचा पुतण्या कारभार पाहू लागला. त्याने फाटकावर पाटी लावली. 'खाजगी पार्किंग. दुचाकीस महिना ३०० रुपये. पैसे न भरल्यास गाडी बांधण्यात येईल व ५०० रुपये दंड घेण्यात येईल.' पाटी लावून थांबला नाही. मागच्या आठ महिन्यांचेही पैसे मागितले. आठ महिन्यांचे २,४०० आणि दंडाचे ५००, मिळून २,९०० रुपये. खोल्यांचे भाडे महिना ३,५००. म्हणजे जवळजवळ एका महिन्याचे भाडे जास्तीचे झाले. सकाळी मुलगा कामावर निघाला तर चाकाला साखळी आणि कुलूप. त्याचा दिवस बुडाला.

बाईंनी कनवटीची पुरचुंडी सोडून दाखवली. आत कानातली फुले होती. सावकाराकडे ठेवायला निघाल्या होत्या. वाटेत माझे घर लागले म्हणून आधी विचारायला आल्या.

मी म्हणालो, "ताई, फुले कानात घाला. आधी घराचा कागद आणा."

कागद येईपर्यंत एक गोष्ट समजून घेऊ. पैसे मागण्याचे प्रकार वेगवेगळे असतात. भाडे वेगळे, दंड वेगळा, नुकसानभरपाई वेगळी. शब्दांची सरमिसळ झाली की गरीब माणूस घाबरतो. दंड हा सरकारचा हक्क आहे. रस्त्यात आडवी गाडी लावली तर वाहतूक पोलिस कायद्याप्रमाणे दंड करील आणि त्याची पावती देईल. खाजगी माणसाला दंड करता येत नाही. त्याने पाटीवर 'दंड' असे कितीही मोठ्या अक्षरांत लिहिले तरी तो दंड होत नाही. त्याला फार तर एवढेच म्हणता येते की, "तुमचे माझे अमुक ठरले होते, ते तुम्ही पाळले नाही, माझे एवढे नुकसान झाले, ते भरून द्या." हेसुद्धा आधी ठरलेले असले तरच. आपल्या देशात १८७२ सालचा कराराचा कायदा आहे. त्याच्या ७४ व्या कलमात असे आहे की, करार मोडल्याबद्दल कागदात मोठी रक्कम लिहिली असली, तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते. लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त तर कधीच देत नाही.

आणि गाडी बांधून ठेवणे? शेतकऱ्याला हे कोंडवाड्याच्या उदाहरणाने चटकन कळेल. दुसऱ्याचे बैल आपल्या शेतात शिरले, ज्वारी खाल्ली, तर आपण ते धरतो. पण धरून आपल्याच गोठ्यात बांधून ठेवता येत नाहीत. १८७१ सालच्या गुरांच्या कायद्याने ती २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवायची असतात. पैसे कोंडवाड्यात भरायचे, ठरलेल्या दराने. ज्याचे पीक खाल्ले गेले, त्या माणसालासुद्धा बैल अडवून मनाला येईल ती रक्कम मागता येत नाही. मग जिने कोणाचे गवताचे पातेही खाल्ले नाही, त्या फटफटीला साखळी कशी घालता येईल? अशी गाडी कोणी अडवली तर पोलिस ठाण्यात साधा अर्ज द्यावा. कुलूप फोडायला मात्र स्वतः जाऊ नये. कुलूप फोडले की तक्रार उलटते. मग साखळी कोणी घातली हे कोणी विचारत नाही. कुलूप कोणी तोडले एवढेच विचारतात.

बाई तासाभरात परत आल्या. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि घराचा कागद, सारे एका प्लास्टिकच्या पिशवीत होते. मी चष्मा पुसू लागलो. बाई म्हणाल्या, "थांबा, मीच वाचते." ओळीखाली बोट धरून वाचू लागल्या. जोडाक्षरांवर अडखळत होत्या. 'सदरहू' हा शब्द तीनदा वाचला. हे वकिली शब्द म्हणजे खडे आहेत, चांगल्या वाचणाऱ्याचेही दात दुखतात. सदरहू म्हणजे वर सांगितलेले, एवढाच अर्थ. तिसऱ्या कलमापाशी बोट थांबले. तिथे लिहिले होते : 'दोन खोल्या, मोरी, सामाईक संडास व समोरील अंगणाचा वापर.'

"अंगण," बाई म्हणाल्या. "अंगण लिहिलं आहे, गुरुजी."

सगळी मेख त्या एका शब्दात होती. भाड्याबद्दल कागदात ३,५०० रुपये लिहिले होते. गाडीसाठी वेगळे पैसे कुठेही लिहिलेले नव्हते. म्हणजे अंगणाचा वापर भाड्यात आला. पाटी आठ महिन्यांनी लागली. दोघांनी सही केलेला कागद एकट्याने लावलेल्या पाटीने बदलत नाही. बदलायचा असेल तर पुन्हा दोघांनी बसून बदलावा लागतो.

आता आपल्या राज्याचा कायदा पाहू. त्याचे नाव महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात 'जागा' म्हणजे काय हे सांगताना नुसत्या चार भिंती सांगितलेल्या नाहीत. इमारतीला जोडून बाग, मोकळी जागा, गॅरेज असेल तर तेही त्यात धरले आहे. याचा अर्थ प्रत्येक भाडेकरूला सगळे अंगण मिळाले असा नव्हे. काय दिले, काय नाही, ते करारावर ठरते.

याच कायद्याचे ५५ वे कलम फार उपयोगी आहे. ते असे सांगते : घर भाड्याने द्यायचे तर करार लेखी हवा आणि त्याची सरकारी नोंदणी हवी. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. ती न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकते. पुष्कळ लोक म्हणतात, "अकरा महिन्यांचा कागद आहे, नोंदणी लागत नाही." महाराष्ट्रात हे खरे नाही. अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी लागते. आणि लेखी, नोंदलेला करार नसेल तर? तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते. ते खोटे आहे असे दाखवायचे असेल तर ते घरमालकाने सिद्ध करावे.

बाईंचा कागद स्टँपपेपरवर होता, नोटरीचा शिक्का होता, पण नोंदणी नव्हती. म्हणजे कागदातले 'अंगण' त्यांच्या बाजूला, आणि कायद्याचे ५५ वे कलमही त्यांच्या बाजूला.

पण कागद दोन्ही बाजूंनी कापतो. नोंदलेल्या कागदात 'गाडीची जागा भाड्यात धरलेली नाही, तिचे महिना ३०० रुपये वेगळे' असे असते, आणि खाली बाईंची सही असती, तर मी त्यांना सांगितले असते, "ताई, पैसे द्या."

हे मी अनुभवाने सांगतो. पुष्कळ वर्षांमागे माझी बदली धुळ्याला झाली. मी तेव्हा शिक्षक होतो. एका घरात खोली घेतली. माझ्याकडे स्कूटर होती. मालकाने कागद पुढे केला, मी ऐटीत सही केली. शाळामास्तर ना! मुलांना रोज सांगायचो, वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. महिना संपल्यावर मालकाने भाड्याच्या वर तीस रुपये मागितले. मी भांडायला उठलो. त्याने शांतपणे कागद दाखवला. 'पडवीत वाहन ठेवल्यास महिना तीस रुपये.' अक्षर स्वच्छ होते. मी तीन वर्षे ते तीस रुपये भरले.

धुळ्यात ही भांडणे वाढली त्यालाही कारण आहे. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने धुळे हे खानदेशचे मुख्य ठाणे केले आणि सरळ रस्त्यांची नवी पेठ वसवली. आजही आपण गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असे पत्ते सांगतो. त्या गल्ल्या बैलगाडीच्या हिशेबाने आखलेल्या. आता एकेका घरात तीन-तीन फटफट्या. रस्त्यावर लावावी तर अडचण होते, अंगणात लावावी तर मालकाची तुळस झाकते. मालक नेहमीच लबाड असतो असे समजू नये.

आपली मुले आता नाशिक, पुणे, ठाणे इकडेही जातात. तिथे फ्लॅटमध्ये भाड्याने राहतात. तिथला प्रकार थोडा निराळा. फ्लॅटचा मालक एक, आणि साऱ्या इमारतीची सोसायटी वेगळी. गाडीच्या जागेचा हिशेब सोसायटी ठेवते. तिचा आकार सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठरतो, एकट्या चेअरमनच्या किंवा रखवालदाराच्या मनाने नव्हे. भाडेकरू हा सोसायटीचा सभासद नसतो. म्हणून त्याने आपल्या मालकाकडून करारात लिहून घ्यावे की गाडीची जागा मिळणार की नाही, कितव्या नंबरची, आणि सोसायटीचा आकार कोण भरणार. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी काही जादा रक्कम घेते. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाप्रमाणे ती सेवाशुल्काच्या शेकडा दहापेक्षा जास्त घेता येत नाही. ती सभासदाने, म्हणजे मालकाने, भरायची असते. करारात भाडेकरूवर टाकली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून पुन्हा कागदच पाहायचा.

मुंबईला दहिसरमध्ये पांचाली नावाची सोसायटी आहे. तिच्या इमारतीत खांबांखाली गाड्यांची जागा होती. बिल्डर म्हणाला, ही जागा माझी, मी ती वेगळी विकीन. सोसायटी म्हणाली, ही सगळ्यांची. भांडण दिल्लीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल लागला. १९६३ सालच्या फ्लॅटच्या कायद्याखाली खांबांखालची जागा आणि मोकळी जागा ही सामाईक आहे, बिल्डरला ती फ्लॅटपासून वेगळी विकता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. पुढे २०१६ साली बांधकामाचा नवा कायदा आला. त्यात छपराखालच्या जागेचा विचार वेगळा केला आहे, पण उघडी पार्किंगची जागा सामाईकच धरली आहे.

विलायतेत तर हे दुखणे आपल्यापेक्षा जुने. तिथे खाजगी कंपन्या लोकांच्या गाड्यांच्या चाकांना लोखंडी कुलपे घालून पैसे घेत. २०१२ साली कायदा होऊन इंग्लंड आणि वेल्समध्ये खाजगी जागेवर अशी कुलपे घालणे बंद झाले. पैसे मागणे मात्र बंद झाले नाही. २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका गाडीवाल्याकडून ८५ पौंड घेणे योग्य ठरवले. तो दुकानांच्या आवारात ठरल्या वेळेपेक्षा जास्त थांबला होता आणि तिथे मोठ्या, ठळक पाट्या जागोजाग होत्या. दुकानाच्या आवारात आपण पाहुणे असतो. पाटी वाचून आत गेलो म्हणजे अट मानली असा अर्थ होतो. पण २०१६ साली ऑक्सफर्डच्या न्यायालयात दुसरा खटला झाला. एका भाडेकरू बाईने घरात टेबल नेण्यासाठी दारात थोडा वेळ मोटार उभी केली. पार्किंगच्या कंपनीने पैसे मागितले. न्यायाधीशांनी सांगितले की, घराच्या करारातून तिला दारापर्यंत येण्याजाण्याचा हक्क मिळालेला आहे. नंतर आलेल्या कंपनीने पाटी लावून तो कमी करता येणार नाही. हा निकाल आपल्या न्यायालयावर बांधील नाही. पण विचार कसा करावा हे त्यातून दिसते. बाजारातली पाटी वेगळी आणि आपल्या राहत्या दारातली पाटी वेगळी.

बाईंना मी सांगितले, भाडे थांबवू नका. रागाच्या भरात माणसे हीच चूक करतात. गाडीच्या पैशांवरून भांडण होते आणि खोलीचे भाडे बंद करतात. मग भाडे थकले या कारणाने मालकाचीच बाजू बळकट होते. भाडे वेळेवर द्या आणि पावती मागा. पावती देणे हे घरमालकावर २६ व्या कलमाने बंधन आहे. तो हातात घेत नसेल तर मुलाच्या फोनवरून त्याच्या बँकखात्यात पाठवा, त्याची नोंद आपोआप राहते. मालकाने चिडून पाणी किंवा वीज तोडली तर तेही बेकायदा आहे. २९ व्या कलमाखाली न्यायालयात दाद मागता येते.

मग आम्ही पत्र लिहिले. मी सांगितले, बाईंनी लिहिले. पत्र असे होते. तुम्हीही वहीत उतरवून पाहा.

'रा. रा. घरमालक यांस, सा. न. वि. वि. आपल्या घरातील दोन खोल्यांत मी भाड्याने राहते. आपल्या कराराच्या तिसऱ्या कलमात अंगणाचा वापर मला दिलेला आहे. गाडीसाठी वेगळे पैसे करारात लिहिलेले नाहीत. म्हणून २,९०० रुपयांची मागणी मला मान्य नाही. गाडीची साखळी कृपया आजच काढावी. दरमहाचे भाडे मी वेळेवर देते व देत राहीन. त्याची पावती मिळावी. समक्ष बसून बोलण्यास मी तयार आहे. कळावे.'

खाली तारीख आणि सही. पूर्वी त्या अंगठा देत. या पत्रावर पहिल्यांदा पूर्ण नाव लिहिले. पत्राच्या दोन प्रती केल्या. एक मालकाला द्यायची, दुसरीवर त्याची 'मिळाले' अशी सही घ्यायची. सही देत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपायची.

पुतण्या ऐकला नसता तर पुढची पायरी होती जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. त्याची कचेरी जिल्हा न्यायालयात असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे तिथे फुकट सल्ला आणि वकील मिळतो. स्त्रियांना तो मिळकत न पाहता मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांनाही मिळतो. फोन १५१०० या नंबरावर लागतो. तीनशे रुपयांसाठी कोर्टाची पायरी कोणी चढावी, असे तुम्ही म्हणाल. म्हणून तर आधी सल्ला घ्यायचा.

आणखी एक गोष्ट मी बाईंपासून लपवली नाही. त्यांचा करार अकरा महिन्यांचा. आठ संपले होते. असा करार संपला की घर सोडावे लागते. मुदत संपूनही न सोडल्यास दुप्पट आकार पडू शकतो, असे २४ वे कलम सांगते. मालकाने पुढचा करार नाही म्हटले तर त्याला भाग पाडता येत नाही. तेव्हा भांडण जिंकून घर गमावायचे नव्हते. धाकटी मुलगी पुढल्या वर्षी दहावीला होती.

संध्याकाळी आम्ही घरमालकाकडे गेलो. सत्तरीचा माणूस. खाटेवर बसला होता. पुतण्या उभा. बाईंनी पत्र दिले. म्हाताऱ्याने ते दोनदा वाचले, मग पुतण्याला विचारले, "साखळी तू घातलीस? मला का सांगितले नाही?" पुतण्या म्हणाला, "काका, सात गाड्या उभ्या असतात. काकूंना नळापर्यंत जाता येत नाही. मागल्या महिन्यात त्या अडखळून पडल्या." हे आम्हांला ठाऊक नव्हते. बाई पटकन म्हणाल्या, "मग हे आधी का नाही सांगितलं, भाऊ? गाडी मी भिंतीला लावायला सांगितली असती."

साखळी त्याच रात्री निघाली. मागचे २,९०० रुपये सुटले. दुसऱ्या दिवशी मुलांनी अंगणात फक्कीने रेघ मारली. रेघेच्या अलीकडे गाड्या, पलीकडे नळ आणि तुळस. पाटी तशीच राहिली. पुतण्याने तीवरचा दंडाचा भाग तेवढा पुसला. नव्या करारात गाडीचे महिना १०० रुपये द्यायचे बाईंनी कबूल केले. मला ते शंभर रुपये जास्त वाटले. पण घर राहणार होते आणि मुलीची शाळा जवळ होती. पैसे त्यांचे, हिशेबही त्यांचा.

श्रावणात नवा करार झाला, या वेळी नोंदणीचा. शहरात नोंदणी फी १,००० रुपये पडते आणि मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या शेकडा पाव टक्का. खर्च दोघांनी अर्धा अर्धा केला. टायपिस्टने मसुदा छापून दिला. मालकाने सही केली. बाईंनी कागद हातात घेतला आणि वाचू लागल्या. टायपिस्टला घाई होती. "मावशी, सगळे जुन्यासारखेच आहे," तो म्हणाला. बाईंनी मान वर केली नाही. बोट एकेका ओळीखालून सरकत तिसऱ्या कलमापाशी आले. तिथे लिहिले होते : 'दोन खोल्या, मोरी व सामाईक संडास.'

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "यामा अंगन कोठे शे?"

टायपिस्टने कागद परत घेतला आणि यंत्र पुन्हा चालू केले.